गुरुजींचा अर्ज आणि संपतची म्हैस

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि यवतजवळच्या एका गावातली ओसरी समोर आणा. मिटलेत? मग पुढचं वाचणार कसं? उघडा, उघडा! उघड्या डोळ्यांनीच बघा. ओसरीवर एक पत्र्याची पेटी, पेटीवर लॅपटॉप, लॅपटॉपपुढे मांडी घालून बसलेली सहावीतली गौतमी. आणि तिच्यामागे हात पाठीशी बांधून, वर्गात फिरावं तसे फेऱ्या मारणारे तिचे आजोबा, निवृत्त शिक्षक पोपट गुरुजी. खिशाला तांबडं पेन दिसतंय ना? तेच ते.

"एका बैठकीत अर्ज जाणार," असं गुरुजींनी सकाळीच जाहीर केलं होतं. "खाडाखोड नाही, पुरवणी नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलंय. मला कोण अर्ज शिकवणार?"

आता हा अर्ज कसला, ते ऐका. गुरुजी शाळेत होते तेव्हा दर शनिवारी पोरांना घेऊन गावातल्या अकरा विहिरींचं पाणी मोजायचे. दोरीला हात-हातावर गाठी, टोकाला दगड, आणि काठापासून पाण्यापर्यंतच्या कोरड्या गाठी मोजून वहीत आकडा. एकोणीस वर्षं मोजलं! त्या एकोणीस वह्या त्या पेटीत होत्या, म्हणजे लॅपटॉप नेमका वह्यांच्या डोक्यावर बसला होता.

गुरुजींचा जुना विद्यार्थी महेंद्र रांजणगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं हे आकडे जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये भरले. ते सॉफ्टवेअर फुकट, सगळ्यांना खुलं. ते बनवतात देशोदेशीची कॉलेजची पोरं, आणि त्यांना वाट दाखवायला जाणती माणसं लागतात. पण आकडे भरताच सॉफ्टवेअरनं लाल अक्षरात शेरा मारला: 'माहिती शंकास्पद. नवव्या वर्षी पाणी एका आठवड्यात तीन फूट खाली.'

गुरुजींचा पारा चढला तो तेव्हापासून. माझ्या लेकरांनी उन्हातान्हात मोजलेले आकडे शंकास्पद? नवव्या वर्षी झालं होतं ते एवढंच, की शेजारच्या संपतचं वासरू एका विहिरीत पडलं. ते बाहेर काढल्यावर विहिरीला तीन फुटांचा कठडा बांधला, आणि पोरं कठड्यावरून दोरी सोडायला लागली. दोरी तीन फूट जास्त लागली, पाणी होतं तिथंच होतं! पोरांनी वहीत तशी नोंदही केली होती. पण सॉफ्टवेअरमध्ये कठडा लिहायला खणच नव्हता.

म्हणून गुरुजी त्या कॉलेजच्या पोरांचे मार्गदर्शक व्हायला निघाले होते. निवड झाली तर तो खण करून घेता येणार होता. नाही झाली तर एकोणीस वह्या कायमच्या खोट्या.

"अर्ज कुठल्याही भाषेत चालेल, असं लिहिलंय," गौतमी म्हणाली.

"मग श्रुतलेखन," गुरुजी म्हणाले. "नियम पाठ आहेत ना?"

गौतमीनं घडाघडा म्हणून दाखवले. कानावर पडेल ते लिहायचं. एक शब्द गाळायचा नाही. मधे प्रश्न विचारायचा नाही.

पहिलाच प्रश्न होता, शिकवण्याचा अनुभव किती. त्यापुढे तीन पर्याय, आणि शेवटचा पर्याय 'पाच वर्षांपेक्षा जास्त'. गुरुजी उखडले. सहा वर्षंवाला आणि चौतीस वर्षंवाला एकाच खणात कोंबतात म्हणजे काय, ही माणसं शिकवतात की मेंढरं मोजतात, असं ते तावातावानं बोलले. गौतमीनं हात वर केला.

"श्रुतलेखन चालू आहे," गुरुजी म्हणाले. हात खाली आला.

दुसरा प्रश्न, तुम्हाला मार्गदर्शक का व्हायचंय. तिथं गुरुजींनी वासरू, कठडा, दोरी सगळं सांगितलं. मधेच आत वळून, चहा यवतच्या स्टँडवरून येतोय का, असं आपल्या बायकोला, पार्वतीबाईंना विचारलं. गौतमीचा हात परत वर. परत खाली.

तिसरा प्रश्न, विद्यार्थी पुन्हा पुन्हा चुकला तर काय कराल. हा तर गुरुजींच्या घरचा प्रश्न! आयुष्यात त्यांनी एका पोरावर हात उगारला नव्हता. आवाज मऊ करून ते सांगू लागले, "पहिल्यांदा समजावून सांगेन. दुसऱ्यांदा उदाहरण बदलून सांगेन. तिसऱ्यांदाही चुकला तर…"

आणि तेवढ्यात संपतची म्हैस दावं तोडून गुरुजींच्या मेथीत शिरली. पुढची दोन मिनिटं गुरुजी संपतशी बोलले. कसं बोलले ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. म्हैस गेली, गुरुजी परतले, तेव्हा गौतमीचा हात तिसऱ्यांदा वर होता.

"प्रश्न शेवटी," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "झालं ना? दे पाठवून!"

चार दिवसांनी महेंद्रचा फोन आला.

"जयभीम गुरुजी. तुमी काय लिवलंय ते? तिथं समिती बसलीया तुमच्यावर."

त्यानं सांगितलं ते असं, की त्या सॉफ्टवेअरचं सगळंच खुलं असतं, अर्जसुद्धा. सतरा देशांतल्या लोकांनी तो वाचला होता. आता गुरुवारी सकाळी व्हिडिओवर मुलाखत, आणि ती झाल्यावर ठरणार, गुरुजींना घ्यायचं की नाही. गुरुजी भडकले. माझ्या अर्जावर समिती? त्यांनी महेंद्रला अर्जाच्या दोन प्रती छापून आणायला सांगितल्या, एक आपल्याला आणि एक दप्तरी. आल्या तशा त्या न वाचता फाइलीला लावल्या. आपलंच लिहिलेलं काय वाचायचं!

गुरुवारी गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसले. शेजारी गौतमी. पडद्यावर सुषमाबाई आल्या, निवड करणाऱ्यांपैकी एक. माहेर शिरूरचं, त्यामुळे बोलणं मराठीतच सुरू झालं.

"गुरुजी, तिसरं उत्तर वाचते," त्या जपून म्हणाल्या. "'तिसऱ्यांदाही चुकला तर ए संपत, हाण तिला काठीनं, दोन दिल्याशिवाय ती ऐकायची नाही, गेल्या खेपेला पण सोडलीस म्हणून सोकावलीय.'"



"समितीचे प्रश्न आहेत," सुषमाबाई पुढे म्हणाल्या. "हे संपत तुमचे सहायक आहेत का? आणि विद्यार्थी चुकला तर मार तिला का, असं ब्राझीलच्या एका बाईंनी विचारलंय."

गुरुजी ताडकन उठले, तसे पडद्यावर फक्त त्यांचे गुडघे दिसू लागले. चौतीस वर्षांत एका लेकराला चिमटासुद्धा काढला नाही, असं गुडघे गरजले. हे सॉफ्टवेअर आधी पाणी चोरतं आणि आता माझ्या तोंडी काठी घालतं? ती म्हैस होती! म्हैस!

"मग हे लिहिलं कुणी?" सुषमाबाईंनी विचारलं.

गुरुजी खाली बसले आणि सावकाश गौतमीकडे वळले. गौतमीनं हात वर केला. या खेपेला गुरुजी म्हणाले, "बोल."

"आबा, तुमीच म्हणता ना, कानावर पडंल ते लिवायचं. मी तीनदा हात वर केलता, हे पण लिवू का म्हणून."

  आतून पार्वतीबाईंचा हसण्याचा आवाज आला.

सुषमाबाईंनी ओठ दाबून धरले होते. "म्हशीचं मिटलं," त्या म्हणाल्या. "आता वासराचं. तुमचं दुसरं उत्तर वाचून पोरांनी सॉफ्टवेअर तपासलं. कठड्याचा खण खरंच नव्हता. तुमच्या वह्यांवरचा लाल शेरा कालच काढलाय. आणि तुम्ही आम्हाला हवे आहात."

गुरुजींनी पेटीवर हात ठेवला. 

"फक्त एक," सुषमाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुणाचंही काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं जात नाही. माझंसुद्धा. तुमचं कोण तपासणार?"

"माझं?" गुरुजी फिरून पेटले. "अहो, चौतीस वर्षं मी तपासलंय! माझं तपासणारा अजून…"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गौतमीनं त्यांच्या खिशातलं तांबडं पेन काढून घेतलं. फाइलीतली दप्तरी प्रत ओढली. 'हाण तिला काठीनं'भोवती गोल केला आणि खाली वळणदार अक्षरात शेरा लिहिला: 'न वाचता पाठवले. पालकांची सही आणणे.'

आणि कागद घेऊन ती सरळ आत गेली, पार्वतीबाईंची सही घ्यायला.