विस्तवमुक्त चूल

चाकांवरच्या घरात लाकडाची चूल बसवावी, असा ठराव सिंगापुरातल्या एका मराठी मंडळाने एकमताने संमत केला. मेळाव्यासाठी मंडळाने 'फिरतं मराठी घर' म्हणून एक ट्रेलर भाड्याने आणून क्लबच्या आवारात उभा केला होता. आत देवघर होतं, फडताळ होतं, पितळी डबे होते. चूल तेवढी नव्हती. ते काम शामकांत वर्तकांकडे आलं. बत्तीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर असलेले शामकांत नुकतेच निवृत्त झाले होते, त्यामुळे नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण उरलं नव्हतं.

शिवाय त्यांचा यात स्वार्थ होता. मुलगी तन्वी सतरा वर्षांची झाली, त्यातली निम्मी वर्षं बाबा समुद्रावर. "एकदा तुला चुलीवरची भाकरी खायला घालीन," असं ते तिला दर सुट्टीत सांगत आणि दर सुट्टीत ते राहून जाई. आता ते इरेला पेटले.

चुलीखाली न पेटणारा सिमेंटचा पत्रा घातला. भिंतीपासून हातभर जागा सोडून मध्ये पत्र्याचा आडोसा उभा केला. छतातून दुहेरी नळीचं धुराडं काढलं, ट्रेलर हलला तरी चूल हलू नये म्हणून ती बोल्टने जखडली, बाहेरची हवा थेट चुलीत येईल अशी सोय केली आणि विषारी वायूची वर्दी देणारा भोंगाही लावला. त्यांच्या पत्नी प्रेमाताईंनी लिटिल इंडियातून ज्वारीचं पीठ आणून ठेवलं.

मग मंडळाचे चिटणीस रूपेश आले. पाया लेबार भागातल्या एका कंपनीत नियमपालन हा त्यांचा व्यवसाय होता आणि घरी तो छंद होता.

"काका, काम एक नंबर! फक्त रिस्क असेसमेंट भरू. उपकरणातून आग निर्माण होते का?"

"अहो, चूल आहे ती."

"म्हणजे हो, की नाही?"

"हो," शामकांत म्हणाले. खोटं लिहून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"हाय रिस्क. आणि काका, तुम्हीच मागे व्याख्यानात सांगितलंत ना, धोका आधी मुळापासून काढायचा, बाकीचे उपाय नंतर?"

सांगितलं होतं खरं. टाळ्याही पडल्या होत्या. त्यामुळे मुळापासून म्हणून आधी लाकडं गेली. लाकडं गेल्यावर धूर उरला नाही, आणि धूर नसलेलं धुराडं म्हणजे नुसतं भोक. भोकात पाऊस, पावसाचं पाणी साचलं की डास, आणि डास म्हटल्यावर सिंगापुरात दंडाच्या धाकाने कोणी हुज्जत घालत नाही. धुराडं सील झालं. आता सील केलेल्या धुराड्याखाली विस्तव करणं म्हणजे साक्षात आत्महत्या. तेव्हा 'चूल पेटवू नये' ही पाटी शामकांतांनी स्वतःच्या हाताने, लाल अक्षरांत लिहिली. इंजिनिअर म्हणून त्यांना दुसरं काही करताच येईना, आणि त्याचंच त्यांना रडू येत होतं.

"मग भाकऱ्या कुठे करू?" प्रेमाताईंनी विचारलं.

"मागवल्यात, काकू. सोबत स्मोक फ्लेवरची बाटली आहे. दोन थेंब टाकले की झालं."

चुलीत लाल एलईडी दिवा लागला. मेळाव्याला झुंबड उडाली. तन्वीने रांगेत उभं राहून भाकरी घेतली, पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"बाबा, शिओक लाह! एकदम मस्त! रिअली डिफरंट! हीच ना ती, यू ऑलवेज प्रॉमिस्ड?"

प्रेमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शामकांतांनी चुलीकडे पाहिलं. खरं सांगावं तर पोरीचा घास कडू होणार होता.

"हो बेटा," ते म्हणाले. "चुलीची चवच वेगळी." बत्तीस वर्षांत त्यांनी एवढी खोटी नोंद कुठल्याच वहीत केली नव्हती.

मेळाव्याच्या दोन दिवसांत चुलीला कोणी हात लावून पाहिला नाही. तुम्हीही नाही. तुम्ही आला होतात, त्या दिव्यापुढे तळवे शेकत फोटो काढून घेतलात, आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलंत : 'धुराने डोळ्यांत पाणी आलं, गावची आठवण झाली.'