सहा हात पॉलिश

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न दोनदा ठरून मोडलं आणि तिसऱ्या खेपेला एकदाचं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न उरकलं, पाहुणे गेले आणि मी रिकामा झालो. रिकामा पॉलिशवाला म्हणजे घराला ताप! खुर्च्या झाल्या, कपाटं झाली, दारांच्या चौकटी झाल्या. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता मी दोन मिनिटं एका जागी उभी राहिले तर मलाही चमकवाल. बाहेर काहीतरी काम बघा!"

तेवढ्यात भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीत हॉटेलांतून, समारंभांतून इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. मिळकत म्हणाल तर हौसेपुरती. घर चालवलं ते ताईने, पायाच्या शिलाई मशीनवर, चाळीस वर्षं. आता तिचे गुडघे गेले होते. पॅडल मारताना ती ओठ चावायची आणि कुणी पाहिलं की म्हणायची, "दोरा तोडत होते दातांनी."

भाऊजींनी काखेतली गिटार माझ्यासमोर ठेवली. तिची मान मुळापाशी तडकली होती.

"ही विकायचीय," ते म्हणाले. "मोटारवालं शिलाई मशीन तेरा हजारांना मिळतं. तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये."

"का?"

"नको म्हणेल."

"आणि तुम्ही काय वाजवणार?"

"मी ऐकेन ना. मशीनची मोटार!" हसले, पण गिटारकडे न बघता. "जुन्या वाद्यांचा एक दुकानदार आहे. त्याला फोटो पाठवला. म्हणाला, पन्नास वर्षांपूर्वीचा नग आहे, मान नीट जोडलेली असेल तर पस्तीस हजार देतो. तू फक्त मान जोड. बाकी कशालाही हात लावू नकोस. कळलं?"

कळलं की! लाकडाच्या बाबतीत मला न कळणारं अजून कुठे काही उगवलेलं नाही. बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं की लाकडाचं वय, जात आणि भाव मी रुपया-आठ आण्यांपर्यंत सांगतो. "बाकी हात लावू नकोस" हे भाऊजी निव्वळ भिडेपोटी म्हणाले, हेही मी लगेच ओळखलं. बायकोच्या भावाला फुकटात किती राबवायचं, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना! मी मनाशी म्हटलं, पस्तीस काय घेऊन बसलात? पन्नास मिळवून देतो.

दहा दिवस राबलो. जेवायलासुद्धा बायकोला तीनदा हाक मारावी लागायची. आणि अकराव्या दिवशी केलेल्या कामाची यादी लिहायला बसलो. मला अक्षरं आली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, नातीच्या पाटीवर. तोवर माझी सगळी बिलं तोंडी. ही पहिलीच यादी मी स्वतःच्या हाताने लिहिली, चांगली आठ कलमं! नातीने तपासून खाली "छान" असा शेरा मारला.

ठरल्या दिवशी चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन भाऊजींकडे गेलो. ताई शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. दुकानदार येऊन बसलाच होता. चाळिशीतला, सडपातळ, बोलायला मऊ, खिशात भिंग. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि चादर ओढली.

काय दिसत होती! गडद लाल, आरशासारखी! एखाद्या मोठ्या साहेबाच्या टेबलाने पाहिली असती तर लाजून पाय मुडपले असते.

भाऊजी म्हणाले, "ही कुणाची?"

"तुमचीच!"

ते खाटेवर बसले. आनंदाने माणसाच्या पायांतलं बळ जातं, हे मी लेकीच्या लग्नात स्वतः अनुभवलं होतं. मी दुकानदाराच्या हातात यादी दिली. तो मोठ्याने वाचू लागला.

"एक. मान जोडली." त्याने भिंगातून निरखून पाहिलं. "वा काका! जोड कुठे आहे तेसुद्धा सापडत नाही."

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी जमिनीकडे पाहत होते.

"दोन. जुना तडे गेलेला रंग पूर्ण खरवडून काढला." तो थांबला. "पूर्ण?"

"नखाएवढासुद्धा शिल्लक ठेवला नाही!"

"तीन. सहा हात पॉलिश." त्याने भिंग खाली केलं. "चार. वाजवणाऱ्याच्या हाताने झिजलेली कड भरून सरळ केली. पाच. गिटारच्या डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी आकडे कोरले होते, ते लांबीचा लगदा भरून बुजवले."

इथे दुकानदारही खाटेवर भाऊजींच्या शेजारी बसला. दोघं एकाच घरचे सुतकी वाटत होते.

"काका, तो तिचा नंबर होता. ती कुठल्या वर्षी तयार झाली, ते त्याच्यावरूनच कळतं."

"मग मला विचारा ना! जुनी आहे, हे मी सांगतो!"

आता माझा धंद्याचा अनुभव ऐका. माल मनात भरला की गिऱ्हाईक मुद्दाम तोंड पाडतं. जितका माल सरस, तितकं तोंड जास्त पडतं. याचं तर हनुवटीपर्यंत पडलं होतं! म्हणून मी सरळ सांगितलं, "पन्नासाच्या खाली बोलू नका."

"सहा," तो क्षीण आवाजात वाचत होता, "पिवळी पडलेली आवाजाची प्लॅस्टिकची बटणं काढून नवी पितळी बसवली."

"पंचावन्न!"

"सात. जुन्या खुंट्या काढून तारा पिळायला बाजारातल्या नव्या कोऱ्या खुंट्या लावल्या."

"साठ!"

"आठ. पुढची प्लॅस्टिकची पट्टी काढून तिथे लाकडाची..." त्याने यादीची घडी घातली. "काका, पाच हजार."

"साठावर पाच?" माझा ऊर भरून आला. "भाऊजी, असा दिलदार माणूस आजच्या काळात..."

"साठावर नाही काका. नुसते पाच."

मी हसलो. माझ्याबरोबर दुसरं कुणी हसेना, तेव्हा थांबलो.

तो अगदी समजुतीने बोलत होता, जसं लहान मुलाला सांगावं. "जुन्या गिटारचा भाव म्हणजे तिचा जुनेपणा. तोच रंग, तेच तडे, हात टेकून टेकून झिजलेली तीच कड. पन्नास वर्षांत जे साठलं, ते तुम्ही दहा दिवसांत खरवडलंत. काम सुरेख आहे. इतकं सुरेख पॉलिश मी गिटारवर काय, कशावरच पाहिलेलं नाही. पण त्याची किंमत उणे तीस हजार आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पॉलिशचा भाव कुणी जमिनीच्या खाली नेला होता! मी भाऊजींना म्हणालो, "तुम्ही मला नीट सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले. एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि ताईच्या मशीनवर पडलेली धाग्याची तुटकी टोकं गोळा करायला लागले. मला तिथल्या तिथे फरशीत जिरून जावंसं वाटलं.

आणि दारात ताई!

"हे काय लाल लाल? कुणाच्या लग्नाचं कपाट आणलंस रे?"

मग दुकानदाराने, परका माणूस म्हणून, सगळं सांगितलं. मशीन, तेरा हजार, पस्तीस हजार, पाच हजार. ताईने पिशवी खाली ठेवली.

"गुडघे कुणाचे?" तिने भाऊजींना विचारलं.

"तुझे."

"गिटार कुणाची?"

"माझी."

"मग माझ्या गुडघ्यांपायी तुमची गिटार विकायला मी कधी सांगितलं होतं?"

"अगं, तू ओठ चावतेस..."

"दोरा तोडते मी!"

"चाळीस वर्षं तुझ्यासमोर बसून वाजवतोय. तुझा दोरा कधी तुटतो ते मला कळत नाही?"

अडचणीत सापडली की ताई माझ्याकडे वळते, हे लहानपणापासूनचं आहे. "आणि तू! मान जोडायला सांगितली, तर पार चामडी सोललीस! आणि ही बटणं रे कसली? ही तर माझ्या ड्रॉवरला लावलीस तसलीच आहेत!"

"एकाच डझनातली," मी खाली मान घालून कबूल केलं.

दुकानदार ताडकन उभा राहिला. "काका, जुनी बटणं टाकलीत?"

"टाकली?" एवढा अपमान मात्र मला सहन होईना. "चाळीस वर्षांत मी वाकडा खिळासुद्धा टाकलेला नाही!"

"मग पळा! बटणं, खुंट्या, पट्टी, स्क्रू, जे काढलंत ते सगळं आणा!"

मी पळालो. या वयात माणूस पळताना दिसला की लोकांना वाटतं कुठेतरी आग लागली. दोघं-तिघं माझ्यामागे पळालेसुद्धा! घरी पोचून खिळ्यांचा डबा उपडा केला. खुंट्या सहाच्या सहा मिळाल्या. पट्टीवर मी लांबी कालवत होतो, ती तशीच उचलली. बटणं मात्र तीनच.

"अगं, चौथं बटण?"

"ते होय? दुधाच्या पातेल्याच्या झाकणाला लावलंय मी," बायको म्हणाली. "मूठ कधीची तुटली होती. तुम्ही जगाचं दुरुस्त करता!"

झाकण शेगडीवर होतं. पातेलंही आणि दूधही. मी फडक्याने धरून बटण पिळायला लागलो, तेवढ्यात दूध वर आलं, बायको ओरडली, माझा अंगठा भाजला, पण बटण निघालं!

भाऊजींकडे परतल्यावर दुकानदाराने एकेक वस्तू रुमालाने पुसली, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी. भिंगातून पाहिली. त्याचा चेहरा उजळत होता आणि इकडे मी सगळं परत गुंडाळायच्या बेतात होतो, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे उजळलेला चेहरा म्हणजे माल नापसंत!

"सगळं मूळचं आहे," तो म्हणाला. "अशीच एक गिटार वर्षभर माझ्या दुकानात याच भागांवाचून अडून पडलीय. हे एक बटण वाफेने थोडं वाकलंय, त्याचे दोनशे कमी करतो. एकूण अकरा हजार आठशे."

"आणि गिटार?" भाऊजींनी विचारलं.

"ती ठेवा. वाजवायला उत्तम आहे, फक्त विकायच्या कामाची राहिलेली नाही."

पिवळ्या प्लॅस्टिकला हजारो रुपये, आणि माझे सहा हात फुकट! मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजी हळूच म्हणाले, "मशीन तेरा हजारांचं आहे." मग खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाराशे रुपये मी मोजून खाटेवर ठेवले.

निघताना दुकानदार म्हणाला, "एकदा वाजवून तर दाखवा." भाऊजींनी स्पीकरच्या जुन्या खोक्याला वायर जोडली, ड्रॉवरची मूठ पिळून आवाज वाढवला आणि वाजवायला लागले. बोटं अडखळत होती. ताई म्हणाली, "आवाज कमी करा, शेजारी काय म्हणतील!" आणि आत न जाता गुडघा लांब करून तिथेच स्टुलावर बसली.

आठवड्याभरात मशीन आलं. संध्याकाळी गेलं की मोटारीची घरघर आणि गिटार एकदमच ऐकू यायची, आणि दोघं आळीपाळीने एकमेकांना "आवाज कमी करा" म्हणायची.

एकदा मी धीर करून ताईला म्हटलं, "बघ, मी पॉलिश केलं नसतं तर गिटार घरातून गेलीच असती!"

ताईने सुईत दोरा ओवला. म्हणाली, "तू नुसती मान जोडली असतीस, तर मशीन येऊन वर बावीस हजार उरले असते."

घरी येऊन मी कागदावर वजाबाकी करून पाहिली. नातीकडून तपासून घेतली. बरोबर निघाली.

भाऊजी त्यानंतर सहा वर्षांनी, मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी झोपेतच गेले. ताई आहे.