दत्तूकाकांच्या अंगणातला बुडखा

सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या ओळीत राहणारे दत्तूकाका कशालाही आधी एकच प्रश्न विचारतात, "दम किती हाय?" पंखा असो, कांदा असो, नाहीतर नवा जावई. जावयानं घाबरून दंड फुगवून दाखवला होता.

वादळात कललेली अंगणातली चिंच त्यांनी तोडली. बुडखा तेवढा राहिला, नेमका दार आणि फाटक यांच्या मधोमध. आम्ही ठेचकाळायचो, काका त्यावर बसून पेपर वाचायचे. परवा मात्र अचानक मला म्हणाले, "मास्तर, आजच्या आज हा सपाट झाला पायजे."

आम्ही सलीमभाईंकडं गेलो. बुडख्याचा भुगा करणारं मशीन ते भाड्यानं देतात. काकांनी पिशवीतून चिंचेच्या मुळाचा तुकडा काढला आणि साडीला मॅचिंग अस्तर शोधावं तसा काउंटरवर ठेवला.

"याला पुरंल असं द्या."

सलीमभाईंनी तुकडा नखानं खरवडला. "चिंच लई कडक, काका. बुडखा केवढा?"

काकांनी माझ्या पोटाभोवती दोन्ही हात टाकून माप घेतलं. "मास्तरपेक्षा थोडा जाड."

"मग तेरा हॉर्सपॉवरवालं न्या. दो दिन लगेंगे, बस."

"दोन दिवस नायत माझ्याकडं. ते थोरलं द्या."

"ते तुमच्या फाटकातून जाणार नाही."

"फाटक माझंच हाय," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी फाटक बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलं. थोरलं मशीन आत आलं. भुशाचा असा फवारा उडाला की आमच्या वाळत्या पापडांना चिंचेची चव आली. सगळी गल्ली बघायला जमली. काका कानात बोटं घालून हसत होते. दुपारपर्यंत बुडखा नाहीसा झाला. मग त्यांनी खड्ड्यात माती भरली, पाणी मारलं आणि संध्याकाळपर्यंत धुमसानं चोपली.

काकू सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यावर बिडकीनला लेकीकडं गेल्या होत्या. विचारलं की काका एवढंच सांगत, "निवांत हाय तिकडं." त्या परत येणार, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याकडून कळलं. काकांनी अर्धा लिटर जास्त सांगितलं होतं.

मी कुंपणावरून डोकावलो. काका चाकांची नवी खुर्ची ढकलत दारापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. खुर्चीत ज्वारीचं पोतं होतं, काकूंच्या शालीनं नीट बांधलेलं. मध्यावर काका थांबले, पोत्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "हादरा बसला का गं?"

मग गुडघे टेकून त्यांनी तिथली माती तळहातानं पुन्हा सारखी केली.