दुखण्याला किती गुण?

शिस्तीच्या बाबतीत जव्हार तालुक्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! गेली तीन वर्षं तर तो खरोखरच कुणी धरू नये अशी परिस्थिती होती. कुणी नमस्काराऐवजी हात पुढे केला, की मी दोन पावलं मागे सरत असे.

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिलं. निवृत्त झालो आणि दोन-तीन वर्षांत मानेतून एक कळ निघाली. ती खांद्यावरून उतरली, थेट करंगळीपर्यंत पोचली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. गोळ्या झाल्या, शेक झाला, गळ्याला पट्टा झाला, मानेचं ऑपरेशनसुद्धा झालं. कळ हलली नाही. शर्टाची बटणंही आमची सौ., वनमाला, लावून द्यायची. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने रोज सकाळी बालवाडीतल्या पोरासारखं हनुवटी वर करून उभं राहायचं! कळेपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं, हे सांगून टाकतो.

शेवटी नाशिकच्या डॉक्टर अवंतीबाईंनी एक यंत्र सुचवलं. मणक्याच्या आत, मज्जारज्जूजवळ बारीक तार सरकवायची आणि तिच्यातून हलका विद्युतप्रवाह सोडायचा. म्हणजे कळ मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच अडते. पण त्याआधी सात दिवसांची चाचणी. तार आत, डबी बाहेर कमरेला.

"रोज सकाळ-संध्याकाळ दहापैकी किती, ते वहीत लिहायचं," बाई म्हणाल्या. "आठवड्यात दुखणं निम्मं झालं तर कायमचं यंत्र बसवू. नाही झालं तर तार काढायची आणि विषय संपला. आत्ता किती दुखतंय?"

"सात."

"अहो, बसल्याजागी कण्हता दिवसभर!" वनमाला म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही बारा लिहा!"

"मी आयुष्यात कुणाला दहापैकी सातच्या वर दिलेले नाहीत," मी खुलासा केला.

बाईंनी सात लिहिले.

तार बसली आणि दुसऱ्या दिवशी गोरखच्या जीपने आम्ही घरी निघालो. हा गोरख खोडाळ्याचा, माझाच विद्यार्थी. सातवीत गणितात मी त्याला अर्ध्या गुणाने नापास केलं होतं. त्याचा बाप, जिवा, शाळेच्या पायरीवर येऊन बसला होता. "गुरुजी, अर्धाच तं गुण!" मी म्हणालो, "आज अर्धा दिला तर उद्या एक मागशील." गोरखने शाळा सोडली आणि पुढे जीप धरली. मनात काही ठेवलं नाही. त्या दिवशी मोखाड्याचा घाट तो इतक्या हळू उतरला, की एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

आणि काय सांगू! घरी पोचेपर्यंत कळ गायब! हातात नुसत्या मंद मुंग्या. मी शर्टाची बटणं स्वतः लावली. वनमाला दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि चहात साखर दुप्पट पडली.

आता वही भरायची. इथे माझी शिस्त आडवी आली. ज्याचा पेपर, त्यानेच तपासायचा? बत्तीस वर्षांत जे खपवून घेतलं नाही, ते स्वतःच्या बाबतीत खपवून घेऊ?

"अहो, दुखणं तुमचं, मग तुम्हीच लिहा की!" वनमाला म्हणाली.

"बाहेरचे परीक्षक नेमू," मी म्हणालो.

दवाखान्याच्या वहीला खाकी कव्हर घातलं. छापील पानांवर कोरे कागद चिकटवून पट्टीने रकाने आखले: दिनांक, वेळ, दहापैकी गुण, शेरा, परीक्षकाची सही. गुण कशाचे, ते लिहिलं नाही. त्यात लिहायचं काय! परीक्षार्थीने गुण बघायचे नाहीत, म्हणून वही कपाटात आणि किल्ली वनमालाकडे.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गाव लोटतं, त्यामुळे परीक्षकांचा तुटवडा नव्हता. साखरशेतची सकू आली. तीही माझीच विद्यार्थिनी, आता अंगणवाडीत मदतनीस. नागलीच्या पिठाची पुरचुंडी ठेवून म्हणाली, "गुरुजी, बरा हाय ना आता?"

"ते तू ठरवायचंस. नीट बघ आणि गुण दे. दयामाया नको!"

मी पेला उचलून दाखवला. नाव लिहून दाखवलं. मान वळवायला मनाई असल्यामुळे पाठीमागे हाक आली तेव्हा अख्खा वळून दाखवलं. सकूने डोळे पुसले आणि वही भरली.

असे सहा दिवस गेले. ढवळू आला, भागी आली, शाळेचा शिपाई येऊन गेला. चौथ्या दिवशी निवृत्त केंद्रप्रमुख कांतीलाल आले. नोकरीत असताना तपासणीला यायचे आणि मुलांच्या नखांपासून सुरुवात करायचे.

"हात वर करा," ते म्हणाले.

"खांद्याच्या वर न्यायला डॉक्टरांची मनाई आहे."

"मग काय उपयोग?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. मला चुटपुट लागली. एवढा एकच परीक्षक आपल्याला बुडवणार!

सातव्या दिवशी वहीला लाखेचं सील करून नाशिकला नेली. अवंतीबाईंनी ते कात्रीने फोडलं, चिकटवलेला कागद निरखला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पहिला दिवस, दहा. शेरा, 'गुरुजींसारखे गुरुजीच.' दुसरा दिवस, दहा. 'मशीन एक नंबर.' तिसरा, साडेनऊ. पाचवा, दहा..." बाईंनी चष्मा काढला. "गुरुजी, सातवरून दहावर? चौथा दिवस तेवढा बरा दिसतोय. चार. शेरा, 'प्रगती असमाधानकारक.' सॉरी, पण तार काढून टाकावी लागेल. कायमचं यंत्र नाही बसवता येणार."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. परत तीच कळ! परत रोज सकाळी हनुवटी वर!

"अहो बाई, ते दुखण्याचे गुण नाहीत! ते माझे गुण आहेत!" मी ओरडलो.

"पेशंट असं म्हणतात. यंत्र हवं असतं ना."

तेवढ्यात वनमाला उठली आणि माझ्या छातीकडे बोट दाखवलं. "ही बटणं बघा, डॉक्टर. आठवडाभर स्वतः लावतात."

बाईंनी बघितलं. एक काज वर उरलं होतं आणि एक बटण खाली लोंबत होतं. सबंध नाशिक मी तसाच फिरलो होतो! बाई हसल्या. पिशवी घेऊन आत आलेला गोरखही हसला.

"बरं, परीक्षक राहू देत. तुम्हीच सांगा. या आठवड्यात किती दुखलं?"

मी विचार केला. दुखणं जवळजवळ नव्हतंच. पण ज्या दुखण्याने तीन वर्षं एक दिवस रजा न घेता काम केलं, त्याला एकदम नापास करायचं? पस्तीस टक्के, म्हणजे साडेतीनला पास. त्याच्या थोडं वर असावं.

"चार," मी म्हणालो.

वनमालाने कपाळावर हात मारला.

"सातचं निम्मं साडेतीन होतं, गुरुजी," बाईंनी पेन उचलून धरलं. "नीट आठवून सांगा."

"एकदा दिलेले गुण मी बदलत नाही."

मग दाराशी उभा असलेला गोरख हळूच म्हणाला, "गुरुजी, अर्धाच तं गुण!"

हुबेहूब जिवाचा आवाज. मी खाली बघितलं. चुकलेली बटणं दिसली.

"साडेतीन," मी म्हणालो. बाईंनी झटकन लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. काठावर पास!

चाचणीची तार पास झालं तरी काढतातच, ती त्याच दिवशी काढली. कायमच्या यंत्राला पुढची तारीख मिळाली. जीप खोडाळ्याकडे वळेपर्यंत कळ करंगळीत परतही आली.

"गुरुजी, आता मनापण द्या अर्धा," गोरख हसत म्हणाला आणि गाडीच्या कागदांतून एक पिवळं पडलेलं प्रगतिपुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. जन्मतारखेच्या पुराव्याला त्याच्याकडे तेवढा एकच कागद होता.

गणित. तोंडी सात, चाचणी आठ, लेखी साडेवीस. एकूण साडेचौतीस. खाली माझी सही.

मी बेरीज केली. परत केली. मग बोटांवर केली. साडेपस्तीस.

"गुरुजी, गप का झाला? दुखतंय का?" गोरखने आरशातून विचारलं. "किती?"

"दहा," मी म्हणालो. "दहापैकी दहा."

"आत्ता खरं बोललात!" वनमाला म्हणाली आणि खांद्याला बाम चोळायला घेतला.

गोरखला मी अजून काही बोललेलो नाही. प्रगतिपुस्तकात दुरुस्ती करायची तर स्वच्छ अक्षरात हवी, शेजारी सही हवी. त्याला हात बरा पाहिजे. येत्या सोमवारी यंत्र बसवायला नाशिकला जायचंय, जीप त्याचीच सांगितलीय. सांगणार आहे. पण जाताना नको, घाट आहे. येताना सांगेन म्हणतो.