नागुबाईंचा लांबून काढलेला फोटो

कॅमेऱ्यात नागुबाईंचं नुसतं नाक दिसत होतं, आणि तेही धूसर. आनंदराजने लेन्सची कडी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. लेन्स आतल्या आत गुरगुरली आणि गप्प झाली. समोर खुर्चीत त्याची आई ताठ बसली होती. तिने केव्हाचा श्वास रोखून धरला होता.

"झाला का रे?" ओठ न हलवता तिने विचारलं.

"न्हाई आई. जरा मागं सरकतो."

नागुबाई मुखेडकडच्या खेड्यातून नांदेडला लेकाकडे आल्या होत्या त्या फोटोसाठीच. घरात भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या शेजारी आनंदराजच्या वडिलांचा फोटो होता. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नव्हता, म्हणून मतदान कार्डावरचाच मोठा करून घेतला होता. त्यात ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत. "माझं तसं नको," नागुबाईंनी लेकाला बजावलं होतं. "मी हाय तवर काढून ठेव. मागून कुणाला शोधत बसायला नको."

आनंदराजला हे बोलणं लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर उपयोगीही पडलं होतं. सरकारी कचेरीतलं काम संपलं की त्याचा जीव कॅमेऱ्यात असायचा. विष्णुपुरीच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. त्याच्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या छोट्या लेन्समध्ये ते पक्षी पाण्यावर तीळ सांडल्यासारखे येत. त्याला लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी होती. कित्येक महिने तो मोबाइलवर लेन्सांची माहिती बघत होता. एकाच मापाची प्राइम की लहानमोठी होणारी झूम, चारशे मिलिमीटरची की सहाशेची, कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी लोखंडी की हलकी. त्याची बायको बुद्धप्रिया शाळेत शिकवायची. "एवढा विचार तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तरी केला होता का?" असं तिने एकदा विचारलं होतं. शेवटी आनंदराजने सांगून टाकलं, "आईचा चांगला फोटो काढायचाय. त्यासाठी चांगली लेन्स नको का?" त्याने जुनी छोटी लेन्स दुकानात देऊन सहाशेची आणली. ती हातभर लांब होती आणि तिला वेगळी पिशवी लागत होती.

आता घरात तीच एक लेन्स होती, आणि तिला जवळचं काही दिसत नव्हतं.

तो सरकत सरकत स्वयंपाकघरात गेला. ओट्याला पाठ टेकली तेव्हा कुठे नाक स्वच्छ दिसलं. चष्म्याची एक काचही आली.

"मोबाइलवर काढा की," बुद्धप्रिया कणीक मळता मळता म्हणाली.

"मोबाइलवर काढायचा होता तर लेन्स कशाला आणली असती?"

"तेच मी विचारून राहिले."

आनंदराजने खुर्ची अंगणात मांडली, आईला तिच्यावर बसवलं आणि स्वतः फाटकाबाहेर गेला. तिथून चेहरा मावला, पण डोक्यावरचा पदर आणि हनुवटी यांपैकी एकच काय ते येत होतं. समोर मोकळा प्लॉट होता. तो प्लॉट ओलांडून गेला. तिथं बाभळीची फांदी आड आली. प्लॉटच्या पलीकडे सिद्रामप्पांचं घर होतं. सिद्रामप्पा निलंग्याकडचे, निवृत्त, कुणाच्याही कामात मनापासून भाग घेणारे. त्यांनी आनंदराजला लेन्स घेऊन उलटं उलटं चालताना पाहिलं आणि वरूनच विचारलं, "काय हुडकून राहिलात साहेब?"

"जागा."

"मग गच्चीवर या की."

गच्चीवरून नागुबाई नेमक्या दिसल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर हात. वंदनेला जाताना नेसायचं ते ठेवणीतलं लुगडं त्यांनी फोटोसाठी काढलं होतं. एवढ्या लांबून हाका मारणं बरं दिसेना, म्हणून आनंदराजने बुद्धप्रियाला फोन लावला आणि तिने तो स्पीकरवर टाकून सासूच्या मांडीवर ठेवला.

"आई, जरा हसतीस का?"

"मेल्यावर लावायच्या फोटोत कुणी हसतंय व्हय?" फोनमधून आवाज आला. "लोक म्हणतील, म्हातारीला जायची लई घाई होती."

"बरं, मान जरा खाली घे."

"कामून? मी कुणाचं काय खाल्लंय?"

असं पुष्कळ वेळ चाललं. ऊन चढलं. सिद्रामप्पांनी ढगाची वाट पाहायला सांगितलं आणि ढग आल्यावर उन्हाची. मग एका क्षणी नागुबाई बोलायचं विसरून समोर बघत राहिल्या. लेन्समधून आनंदराजला त्यांच्या कपाळावरचं हिरवं गोंदण दिसलं, कानामागची पांढरी बट दिसली. आईला इतकं निरखून त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने बटण दाबलं.

फोटो खरोखरच सुरेख आला होता. मागची भिंत, खिडकी, दोरीवरचे कपडे, सगळं विरघळून गेलं होतं आणि मधोमध एकटा तो चेहरा होता. आनंदराजने तो मोबाइलवर घेतला. दोरीवरच्या कपड्यांचा निळा-लाल रंग कडेला डोकावत होता, म्हणून त्याने फोटो काळापांढरा केला. खाली काही लिहावं म्हणून नुसतं 'आई' लिहिलं. भावकीच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसलाही ठेवला. सकाळभर गच्चीवरून बोलून फोनचा जीव जात आलाच होता. फोटो गेला आणि फोन बंद पडला. त्याने तो चार्जरला लावला आणि जेवण करून, कॅमेरा आणि घोडी घेऊन, विष्णुपुरीला निघून गेला. बुद्धप्रिया दुपारच्या शाळेला गेली. वर्गात ती फोन पर्समध्ये ठेवायची. नागुबाईंनी घराला कुलूप लावलं आणि सिद्रामप्पांच्या बायकोबरोबर, बसम्माबरोबर, त्या भाजीला गेल्या.

पाण्यावर पक्षी भरपूर होते. आनंदराज खुशीत परतला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला.

त्याच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. मुखेडकडची जीप उभी होती. अंगणात पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं खाली मान घालून बसली होती, बायका भिंतीला टेकून होत्या. त्याला बघताच चुलतभाऊ भीमा उठला आणि त्याच्या गळ्यात पडला.

"आन्या, मोठी माय गेली रे आपली."

आनंदराजच्या हातातून घोडी निसटली. "कधी?"

"ते आता तूच सांग. आमाला दुपारी कळलं."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुला कोण सांगणार? तू तर आमाला कळवलंस."

हे शेवटचं आनंदराजच्या कानात शिरलं नाही. तो मटकन पायरीवर बसला. सकाळचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. "सकाळभर उन्हात बसवलं मी तिला," तो म्हणाला. "माझ्या हौसेपायी."

भीमाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मागे कुजबुज सुरू झाली. उन्हानं गेली म्हणं. लेकानं उन्हात बसवलं म्हणं. ती कुजबुज भिंतीपर्यंत जाऊन परत आली, तेव्हा एका म्हाताऱ्याने घसा खाकरला.

"रडणं हाय जलमाचं. पर मयत कुठं ठेवलीय, बाबा?"

"मला काय माहीत?" आनंदराज म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी दाराच्या कुलुपाकडे पाहिलं.

"आतच हाय का?" म्हाताऱ्याने हळू विचारलं.

तेवढ्यात नागुबाई आणि बसम्मा भाजीच्या पिशव्या घेऊन कोपऱ्यावरून वळल्या. नागुबाईंना आधी चपला दिसल्या. मग पांढरे कपडे दिसले. मग पायरीजवळ माणसांची गर्दी आणि त्या गर्दीच्या पायांत पडलेली लेकाची घोडी. लेक मात्र कुठं दिसला नाही. त्यांच्या हातातली मेथी रस्त्यावर पडली.

"माझं लेकरू," असं म्हणून त्यांनी तोंडावर पदर ओढून जो हंबरडा फोडला, तो ऐकून अंगणातल्या बायकांनाही पुन्हा रडू आलं. कुणी लांबची नातलग आली असं समजून लोकांनी वाट करून दिली. एका बाईने पुढे होऊन त्यांना खांद्याला धरलं, पाठ थोपटली. "रडू नका माय," ती म्हणाली. "म्हातारी लई सुखानं गेली."

"म्हातारी कोण?" नागुबाईंनी विचारलं.

त्या आवाजाने आनंदराजने डोकं वर केलं. मायलेक एकमेकांकडे बघत राहिले. आनंदराज उठला आणि त्याने आईचा दंड चाचपून पाहिला.

भीमाने खिशातून मोबाइल काढला, फोटो बघितला, नागुबाईंना बघितलं आणि मोबाइल परत खिशात घातला.

"हिकडं आण," नागुबाई म्हणाल्या.

त्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "खाली काय लिवलंय लोकांनी?"

भीमा वाचायला तयार होईना, पण सुटकाही नव्हती. कुणी 'भावपूर्ण आदरांजली' लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं, 'दुष्काळात आमच्या लेकरांना ताक देणारी माय हरपली.' नागुबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. एकाने नुसते जोडलेले हात पाठवले होते.

"कोन हाय हे?"

भीमाने नाव सांगितलं.

"नुसते हात?" नागुबाई म्हणाल्या. "त्याच्या बाळंतिणीला मी सव्वा महिना न्हाऊ घातलंय. बरं. पुढं वाच."

एवढ्या लांबून आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं म्हणून बसम्माने मोठं पातेलं चुलीवर चढवलं. शाळेतून आलेली बुद्धप्रिया फाटकापासूनच सगळं समजून चुकली. ती सरळ चहाला मदत करायला गेली. लोक नागुबाईंपुढे येत, पाया पडत आणि जीपकडे जात. नागुबाई प्रत्येकाला "आलास, बरं झालं" म्हणत होत्या.

दिवे लागले आणि फाटकाशी ऑटो थांबला. ऑटोतूनच रडण्याचा आवाज येत होता. ही चांगुणा मावशी, नागुबाईंची धाकटी बहीण, किनवटहून आली होती. मावशीच्या लेकाच्या लग्नात आहेराच्या लुगड्यावरून दोघींचं बिनसलं होतं, तेव्हापासून तोंड बघणं बंद होतं. "आता तुझ्या मयतीलाच येईन," असं मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती. गडबडीत तिला उलटा निरोप द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"अक्का गं, मला न भेटताच गेलीस गं," असं म्हणत मावशी पदराने डोळे झाकून आत आली, ठेचकाळली, आणि पदर काढून बघते तो अक्का खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होती.

"जित्ती हायस?"

"हाय."

चांगुणा मावशीने डोळे पुसले. "मंग मी कामून आले?"

"ते तुझं तुला ठाव."

"मी म्हणले होते, मयतीलाच येईन म्हणून."

"मंग जा. मेले की कळवतेत."

मावशी वळली, पण ऑटो गेला होता. आनंदराज पुढे झाला. "मावशी, गाडी आता उद्याच हाय. आत चला."

"मी हिच्या घरात पाय ठेवणार न्हाई," असं म्हणून ती पायरीवर बसली. नागुबाईंनी बशी ठेवली, खुर्चीतून उठल्या आणि गुडघ्यावर हात टेकत त्याच पायरीवर, हातभर अंतर सोडून, बसल्या.

"मी तुला घरात बोलवलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

दोघींची ताटं बुद्धप्रियाने तिथेच आणून दिली.

सकाळी मावशीने पिशवी भरली, चप्पल घातली आणि भाच्याला बाजूला घेतलं. "तो फोटो बघितला मी. माझाबी तसा काढ. किनवटात कोण काढतंय असा. पर लवकर काढ, गाडी हाय."

"मलाबी बसू दे तिच्या बाजूला," नागुबाई आतून म्हणाल्या. "एकटीचा कशाला? लोक चुकीचं समजतेत."

आनंदराजने अंगणात दोन खुर्च्या मांडल्या आणि लेन्स घेऊन सिद्रामप्पांच्या गच्चीवर गेला. दोघी मावत नव्हत्या, म्हणून तो पार मागच्या कठड्यापर्यंत सरकला. मग त्याने बुद्धप्रियाच्या फोनवर फोन लावला. नागुबाईंनी उचलला.

"आई, दोघी इकडं बघा."

"थांब जरा," फोनमधून आवाज आला. "बोलून राहिलो आमी." आणि फोन कट झाला.

"काय म्हणतात?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"बोलून राहिल्यात."

"गाडी चुकेल की."

आनंदराजने लेन्सला डोळा लावला. मावशी हात हलवून काही सांगत होती. बहुतेक लुगड्याचंच असावं, कारण नागुबाई मान जोरजोरात नाही म्हणून हलवत होत्या. मग नागुबाईंनी काहीतरी विचारलं. मावशी थांबली, तिने चप्पल काढली आणि पायाने पिशवी खुर्चीखाली, पार मागे, ढकलली.