पंच्याहत्तर टक्के शाश्वत

उत्स्फूर्तता ही मानवी जीवनातली अत्यंत मौल्यवान गोष्ट असून तिची तयारी निदान दीड महिना आधी सुरू करावी लागते. ऐन वेळी केलेली उत्स्फूर्तता बहुधा फसते, कारण तेव्हा कुणाची तरी सासू आलेली असते, कुणाची तरी दाढ दुखत असते आणि राहण्याच्या ठिकाणी खोल्या शिल्लक नसतात. हे सर्व ध्यानात घेऊन चार जुन्या मित्रांच्या एका गटाने शनिवार-रविवारच्या अचानक सहलीसाठी तीन बैठका घेतल्या आणि अचानक कधी निघायचं हे बहुमताने ठरवलं. निसर्गाच्या सान्निध्यात राहणे व शाश्वत जीवनशैली अनुभवणे, हा सहलीचा हेतू होता.

गटात एक प्राध्यापक, एक वकीलबाई, एक विमेवाला आणि डिझेल असे चार सदस्य होते. चौघे एकाच कॉलेजचे, म्हणजे एकाच कँटीनचे. डिझेल हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता आणि लिफ्टचे सुटे भाग वाहून नेण्यासाठी त्याने एकेकाळी सात माणसांची दणकट गाडी घेतली होती. गाडीवरून विमेवाल्याने त्याला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

बाकी तिघांनी पृथ्वीचा विचार करून आपापल्या गाड्या विकून टाकल्या होत्या. म्हणजे गटातले पंच्याहत्तर टक्के सदस्य पूर्णपणे शाश्वत जीवन जगत होते (एवढं प्रमाण प्रगत गटांतही आढळत नाही). उरलेल्या पंचवीस टक्क्यांत डिझेल एकटाच होता, आणि पंच्याहत्तर टक्के त्याच्याच गाडीतून फिरत. धूर कुणाच्या नावावर मांडायचा याबद्दल गटात कधी वाद झाला नाही. गाडी ज्याची, धूर त्याचा. मागे बसलेला माणूस हवेला बोटही लावत नाही.

डिझेलला हे मान्य होतं. त्याला खात होती ती वेगळीच गोष्ट. मध्यंतरी कंपनीने त्याला ऑफिसात बसवलं होतं आणि सुटे भाग आता टेम्पोने जात. ऑफिस घरापासून चालत जाण्याजोगं. गाडीचं तसं काहीच काम उरलं नव्हतं, तरी तो तिची हवा बघत होता, तेल बदलत होता, आणि हे सगळं केवळ या तिघांसाठी. बायको एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली होती, "त्यांना तू नको असतोस. तुझी गाडी हवी असते." तेव्हा तो हसला होता. पण मागच्या खेपेला त्याने मुद्दाम सांगून पाहिलं की गाडी गॅरेजमध्ये आहे. त्यावर प्राध्यापकांना एकाएकी पाठदुखी जडली, वकीलबाईंची कोर्टात तारीख निघाली (रविवारी), आणि विमेवाल्याने फोनच उचलला नाही. तेव्हापासून बायकोचं वाक्य त्याच्या घशात काट्यासारखं रुतलं होतं. आपण या लोकांचे मित्र की ड्रायव्हर, हे त्याला एकदाचं कळायला हवं होतं.

ठरल्याप्रमाणे ते अचानक निघाले. साधेपणाला सामान फार लागतं. दात घासायचे बांबूचे ब्रश, काचेच्या बाटल्या, त्या फुटू नयेत म्हणून गुंडाळायला पंचे, उन्हावर चालणारा दिवा, तो ढगाळ हवेत लागत नाही म्हणून दुसरा साधा दिवा, आणि खास या सहलीसाठी विकत आणलेल्या नव्याकोऱ्या कापडी पिशव्या. पिशव्यांत भरण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्या एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या होत्या. हे सगळं डिझेलने गाडीत चढवलं. प्राध्यापक तेवढा वेळ आकाशाकडे पाहत होते आणि त्यांना ते पाहताना बघून वकीलबाईंनाही बरं वाटलं.

प्रवासात एसी लावायचा नाही असा ठराव होता. घाट लागल्यावर प्राध्यापकांना घाम फुटला, तेव्हा वकीलबाईंचा निषेध नोंदवून घेऊन एसी चालू करण्यात आला, तो उतरेपर्यंत. वाटेत निसर्ग दिसला की थांबायचं, फोटो काढायचा आणि पुढे जायचं, अशी शिस्त होती. गाडी फोटोत येता कामा नये म्हणून डिझेलने ती प्रत्येक वेळी पुढे नेऊन उभी केली, आणि त्यामुळे तोही एकाही फोटोत आला नाही. एकदा विमेवाल्याने त्याला हाक मारली, पण तोवर फोटो काढून झाला होता.

मुक्काम शाश्वत जीवन अनुभव केंद्रात होता आणि तिथल्या संचालिका कडक शिस्तीच्या होत्या. वाहन नजरेस पडल्याने पाहुण्यांच्या मनःशांतीला तडा जातो, सबब गाडी वळणापलीकडे झुडपांच्या मागे लावावी, असा त्यांचा नियम होता. डिझेलने ती लावली आणि सामान खांद्यावरून वाहून आणलं. त्यानंतर पाहुण्यांकडून भाजीच्या वाफ्यांतलं गवत उपटून घेण्यात आलं. आपल्या घरी हे काम कुणी सांगितलं असतं तर तिघांनी काखा वर केल्या असत्या. इथे त्यांनी पुढच्या वाफ्यासाठी रांग लावली.

रविवारी दुपारी, निघण्याआधी, केंद्राचा मुख्य कार्यक्रम होता. त्याला त्याग-वर्तुळ म्हणत. सर्वांनी गोल बसायचं, आयुष्यातून जे सोडायचं ते मध्ये ठेवायचं, आणि मध्ये ठेवलेली वस्तू केंद्राची व्हायची. प्राध्यापकांनी आपला प्लास्टिकचा कंगवा ठेवला (त्यांच्या डोक्यावर केस फारसे उरले नव्हते, पण त्याग असा मोजायचा नसतो). वकीलबाईंनी कागदी रुमाल कायमचे सोडत असल्याचं जाहीर करून शेवटच्या रुमालाने हात पुसले. विमेवाल्याने राग सोडला, ज्याला ठेवायला जागा लागत नव्हती.

मग सगळ्यांच्या नजरा डिझेलकडे वळल्या. त्याने एक प्लास्टिकची बाटली तयार ठेवली होती. ती बघून वकीलबाईंनी मान हलवली. "तू काय सोडायला हवंस ते तुला चांगलं माहितीये," त्या म्हणाल्या. "आम्ही बोलत नाही इतकंच." प्राध्यापक मात्र बोलले, आणि बराच वेळ बोलले. एका सदस्याच्या मोहापायी अख्ख्या गटाला खाली मान घालावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. घर त्या जागेपासून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर होतं, हा तपशील त्यांच्या भाषणात आला नाही.

डिझेलने बाटली परत पिशवीत टाकली. खिशातून गाडीची चावी काढली आणि कंगव्याशेजारी ठेवली.

टाळ्या झाल्या. पहिल्या काही टाळ्या अगदी मनापासून होत्या. प्राध्यापकांचे तर डोळे भरून आले. मग विमेवाल्याचे हात थांबले आणि त्याने हळूच विचारलं, "पण मग आपण घरी कसं जायचं?"

यानंतर गटाच्या विचारधारेत जी प्रगती झाली तिला तोड नाही. त्याग हा टप्प्याटप्प्याने करायचा असतो आणि पहिला टप्पा नेहमी मानसिक असतो, हे प्राध्यापकांच्या ध्यानात आलं. भावनेच्या भरात दिलेली वस्तू कायद्याने दिलेली ठरत नाही, हे वकीलबाईंना आठवलं. संचालिकांनी मात्र चावी उचलली होती आणि त्या टायरच्या झिजेबद्दल दोन-तीन नेमके प्रश्न विचारत होत्या. प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डिझेलच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, तू आहेस तसा आम्हाला हवा आहेस," ते म्हणाले. "गाडीसकट."

यातलं पहिलं वाक्य ऐकण्यासाठी डिझेल कित्येक वर्षं थांबला होता. ते तेवढ्यावर थांबलं असतं तर त्याने संचालिकांच्या हातापाया पडून चावी परत आणली असती. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. त्याला फार वाईट वाटलं, आणि तो म्हणाला, "दिली ती दिली."

संचालिकांनी त्यांना मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत सोडलं. गाडी आता निसर्गाच्या स्वाधीन झाली आहे, असं त्यांनी सीट पुढे ओढता ओढता सांगितलं आणि एसी लावला. आपल्याच गाडीत डिझेल पहिल्यांदा मागे बसला. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतात, झाडं दिसतात, एवढंच काय, पाणी पीत उभी असलेली गुरंही दिसतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. बसमध्ये उभं राहायलाही धड जागा नव्हती आणि काचेच्या बाटल्या वाटेत फुटल्या.

त्यानंतरचा अहवाल सर्व दृष्टींनी समाधानकारक आहे. गटाचा धूर शून्यावर आला, कारण गट कुठे गेलाच नाही. आपण एका मित्राला गाडी सोडायला कसं प्रवृत्त केलं, हे प्राध्यापक व्याख्यानांतून सांगू लागले. वकीलबाईंनी नवा गट धरला (त्यात एकाकडे आठ माणसांची गाडी असल्याचं कळतं). डिझेलचा फोन महिनोन्‌महिने वाजला नाही. बायको एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मग एका रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर विमेवाला उभा. शर्ट घामाने भिजलेला. भलत्याच बसमध्ये बसला होता, म्हणून अर्ध्याहून जास्त वाट चालत आला होता.

"गाडी नाहीये रे आता," डिझेल सवयीने म्हणाला.

"माहितीये. सहज आलो."

डिझेल चहा ठेवायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ गॅसपाशीच उभा राहिला. तसल्या चेहऱ्याने लगेच बाहेर येणं शक्य नव्हतं. मग दोघं बाल्कनीत बसून कुणाच्या गुडघ्यांचं काय झालं आणि कुणाची मुलगी काय शिकते, असल्या निरुपयोगी गोष्टी अंधार पडेपर्यंत बोलत राहिले.

तिघांपैकी एक, म्हणजे साधारण तेहेतीस टक्के. मैत्रीच्या क्षेत्रात हे प्रमाण विक्रमी समजलं जातं. आपलं यापेक्षा नक्की जास्त भरेल अशी ज्या वाचकांची खात्री असेल त्यांनी आपली चावी कुणाला तरी देऊन टाकावी (गाडी नसलेल्यांनी, लोक आपल्याला ज्यासाठी फोन करतात ती वस्तू द्यावी) आणि दाराकडे बघत बसावं. अजून एकाही वाचकाने ही चाचणी केलेली नाही, आणि तुम्हीही करणार नाही.