शब्दकोश-वापर पाहणी, पालम केंद्र

एखाद्या माणसाला एखादी वस्तू हवी आहे, एवढ्यावरून ती त्याला देऊन टाकणं म्हणजे सरकारी विचारशक्तीचा अपमान आहे. ती का हवी, किती हवी आणि दिल्यास तो तिचं काय करील, याचं आधी संशोधन व्हायला हवं. परभणी जिल्ह्यात सन १९५७ साली ही जाण पुरेपूर होती, आणि तिचा पहिला लाभ पालमच्या वैजीनाथ मास्तरांना झाला.

मास्तरांचं शिक्षण निजामी अमदानीतलं, सगळं उर्दूत. हैदराबाद गेलं, मुंबई राज्य आलं आणि मास्तरांच्या हाती हुकूम पडला: येत्या मार्चात इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. वय त्रेचाळीस, घरात खाणारी तोंडं पाच (सासूबाईंचं एकच धरून). मास्तरांनी अर्ज केला, शाळेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश मिळावा.

शब्दकोश खरेदीला तरतूद नव्हती. शब्दकोशावरच्या संशोधनाला मात्र भरघोस अनुदान येऊन पडलं होतं आणि ते घ्यायला कुणी माईचा लाल पुढे येत नव्हता. लगेच समिती बसली. अध्यक्ष पोखर्णीचे आबासाहेब. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नसल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंकाच नव्हती. सचिव तपासनीस किशनराव. त्यांना थोडं येत होतं, पण ते त्यांनी कामात कधी आड येऊ दिलं नाही. विषय ठरला: 'इंग्रजी शिकणारा शब्दकोश किती वेळा उघडतो.'

सप्टेंबरात शब्दकोश आला. संशोधनाचं साहित्य ते, हाताळून मळलं तर निष्कर्षही मळणार. म्हणून तो शाळेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं, वर लाखेची मोहर केली, आणि गावच्या मोलाच्या वस्तूंची आपल्याकडे जी रीत आहे तिला धरून किल्ली सगळ्यात वजनदार माणसाच्या घरी, म्हणजे पोखर्णीला आबासाहेबांकडे गेली. मास्तरांना एक वही मिळाली. आज शब्दकोश किती वेळा उघडला, हे रोज तिच्यात लिहायचं. मास्तरांनी लिहिलं, शून्य.

आठ दिवसांनी ते एसटीने पोखर्णीला गेले. आबासाहेबांनी चहा पाजला, नरसिंहाचं दर्शन घेऊन जा म्हणाले, आणि किल्लीसाठीचा छापील नमुना पुढे सरकवला. हवा असलेला शब्द. हवा असण्याचं कारण. त्या शब्दाचा अर्थ (योग्य तोच शब्द मागितला आहे याची खात्री पटावी म्हणून).

"अर्थ ठाऊक असता तर आलो कशाला असतो, आबासाहेब?"

"म्हणून तर म्हणायलोय, मास्तर. अर्थ ठाऊक न्हाई, तर तो शब्द तुमाला लागतो हे कशावरून?"

पालम येईपर्यंत मास्तर विचार करत होते.

खंडेनवमीला शाळेने कपाटाची पूजा केली, कुलपाला हळदकुंकू वाहिलं. मास्तरांच्या बायकोचा, केशरबाईंचा मात्र या संशोधनावर काडीचा विश्वास नव्हता. "अवो, हा घ्या वरवंटा. फोडा ते मेलं कुलूप! नोकरी गेल्यावर लाख चाटायची का?" मास्तरांना राग आला. बायकोचं बरोबर होतं, याचाच आला. वरवंटा धोतराच्या सोग्यात लपवून ते कपाटापर्यंत गेलेही. पण फोडलं तर वहीत 'एक' लिहावं लागणार, आणि कसं उघडलं तेही सांगावं लागणार. खोटं लिहिणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. वरवंटा परत आला आणि त्याच्यावर त्या दिवशीची चटणी वाटली गेली.

फेब्रुवारीअखेर किशनरावांनी वही तपासली. दिवस एकशे एक्याऐंशी, शून्यं एकशे एक्याऐंशी.

"साहेब, कुलूप होतं की हो!"

"वहीत कुलपाचा रकानाच न्हाई, मास्तर. मी लिहू कुठं?"

निष्कर्ष निघाला: इंग्रजी शिकणाऱ्याला शब्दकोशाची गरज भासत नाही. चोख नोंदींबद्दल मास्तरांचं अहवालात नावानिशी कौतुक झालं. कौतुकाची प्रत आणि मार्चच्या परीक्षेत नापास झाल्याचं पत्र एकाच टपालाने आलं. नोकरी गेली. मास्तर ओसरीवर बसून ढसाढसा रडले.

तरी त्यांनी कुलपाची तक्रार वर धाडली. ती वरिष्ठांना फारच मोलाची वाटली. तिच्यावर दुसऱ्या टप्प्याचं अनुदान मंजूर झालं: ज्या शिकल्यासवरल्या घरांत शब्दकोश आहे आणि कपाटाला कुलूप नाही, तिथे तो किती वेळा उघडतात ते पाहावं. तिथेही उघडत नसतील, तर न उघडणं हा मनुष्यस्वभाव ठरेल, मास्तर निर्दोष ठरतील आणि नोकरी परत मिळेल. रोज उघडत असतील, तर दोष मास्तरांच्या आळसाचा. घरोघर विचारायचं काम रोजंदारीवर मास्तरांनाच मिळालं (अनुभवी माणूस म्हणून).

परभणी, पाथरी, पालम, अठ्ठ्याण्णव घरं झाली. एकोणपन्नास घरांनी 'रोज' सांगितलं, एकोणपन्नासांनी खरं सांगितलं. निकाल बहुमताने लागायचा होता आणि एकच घर उरलं होतं, तुमचं. तुम्ही मास्तरांना खुर्ची दिलीत, शब्दकोश काढलात, वरची धूळ बाहीने पुसलीत.

"कितींदा उघडता, साहेब?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, रोज! त्याच्याशिवाय आमचा दिवस जात नाही," तुम्ही म्हणालात.

मास्तरांनी ते तुमच्यादेखत, सुवाच्य अक्षरात, जसंच्या तसं उतरवून घेतलं. तुम्ही त्यांना चहा घेऊनच जा म्हणालात.